पहिल्या वर्षाच्या मुलांनी ३६ तासांच्या हॅकॅथॉनला जावं का?

अर्धविराम (धागाकर्ता)

ऑगस्ट-सप्टेंबर आला की कॉलेजच्या फलकावर स्मार्ट इंडिया हॅकॅथॉनच्या, म्हणजे ठरलेल्या तासांत प्रकल्प बांधून दाखवायच्या देशपातळीवरच्या स्पर्धेच्या, अंतर्गत (कॉलेजातल्या) फेरीची सूचना लागते आणि संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाची मुलं विचारायला लागतात, 'नाव देऊ का?' माझं स्पष्ट मत आहे: पहिल्या वर्षी देऊ नका.

संघ सहा जणांचा, त्यात किमान एक मुलगी असलीच पाहिजे. अंतिम फेरीत सॉफ्टवेअर गटाला सलग ३६ तास काम. पहिल्या सत्रात तोवर 'सी' या प्रोग्रामिंग भाषेतले लूप आणि ॲरे झालेले असतात, फार तर फंक्शन. अशा मुलाच्या वाट्याला येते ती पीपीटी. कल्पना पाठवायची तीच मुळी ठरलेल्या साच्यातल्या सहा पानांत, त्यामुळे कनिष्ठ सदस्याला ते काम देणं संघालाही सोयीचं पडतं. दीड दिवस जागून त्याच्या हाती उरतं सहभागाचं प्रमाणपत्र.

आधी तीन गोष्टी हाताखालून जाऊ द्या. गिटवर (कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं साधन) शाखा, म्हणजे कोडची वेगळी प्रत, काढून दुसऱ्याच्या कोडमध्ये आपलं कोड मिसळणं. एखाद्या एपीआयकडून (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती मागायची सोय) माहिती मागवून ती पानावर दाखवणं. आणि ते पान दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडेल असं नेटवर चढवणं. रोज तासभर दिला तर आठ-दहा आठवड्यांचं काम आहे. मग दुसऱ्या वर्षी खुशाल जा.

आणि कृपा करून 'पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही' असं कुणी लिहू नका. विहिरीत ढकलतानासुद्धा पाठीला डबा बांधतात.

रात्रपाळी

असहमत. डबा बांधायचा हे मान्य, पण तो विहिरीत उतरतानाच बांधतात. वर्षभर काठावर बसून उपयोग नाही.

तुमच्या तिन्ही गोष्टी घरी शिकता येतात, पण त्या एकत्र लागतात कशा हे घरी कळत नाही. नवख्याला पेलेल असं काम प्रत्येक संघात असतं, फक्त ते वेगळं काढून द्यावं लागतं. एक उदाहरण नीट उलगडून देतो.

समजा, विषय शेतमालाच्या भावाचा आहे. केंद्र सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इनवर ॲगमार्कनेटचे (बाजार समित्यांतल्या भावांची सरकारी नोंद) रोजचे बाजारभाव एपीआयने मिळतात. 'लासलगावचा आजचा कांदा दाखवायचा' एवढंच काम नवख्याला द्या. त्यात काय काय दडलंय बघा. संकेतस्थळावरची नमुना चावी (माहिती मागताना द्यायचा सांकेतिक शब्द) वापरली तर एका वेळी दहाच नोंदी येतात. त्यात लासलगाव नसतंच आणि मुलगा तासभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. खातं उघडून स्वतःची चावी घ्यायची, मर्यादा वाढवून मागायची आणि राज्य-जिल्ह्याची गाळणी लावायची. मग दिसतं की लासलगाव, लासलगाव (निफाड), लासलगाव (विंचूर) अशा वेगवेगळ्या नोंदी आहेत. नाव तंतोतंत जुळवायला गेलं तर निम्मी माहिती हातची जाते. भाव येतो रुपये प्रति क्विंटल, पडद्यावर हवा किलोचा, म्हणजे शंभराने भागायचं. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव येतात, त्यांतला कोणता दाखवायचा? तारीख येते दिवस-महिना-वर्ष अशा मजकुराच्या रूपात. ती तशीच क्रमाने लावली तर दोन ऑक्टोबर अठ्ठावीस सप्टेंबरच्या आधी येऊन बसतो.

यातलं काहीही पहिल्या वर्षाच्या आवाक्याबाहेरचं नाही. भागाकार, मजकूर तुलना, लूप. पण हे एक काम आठ तासांत पुरं केलं की त्याला बाहेरून येणारी माहिती किती अस्ताव्यस्त असते ते कळतं, आणि ते कुठल्याच प्रात्यक्षिक वहीत नाही.

खडूफळा

रात्रपाळी, उदाहरण उत्तम, पण ते अर्धवट आहे. अंतिम दिवस रविवार असेल तर? बऱ्याच बाजार समित्यांत रविवारी लिलाव नसतात. परीक्षक समोर आणि पडद्यावर शून्य नोंदी. शुक्रवारी आलेलं उत्तर जेसन फाइलमध्ये (माहिती साध्या मजकुरात साठवायचा प्रकार) जपून ठेवायला हवं, आणि ते अनुभवी माणसालाच सुचतं.

माझा मुद्दा धागाकर्त्यांच्या पुढचा आहे. नवख्याला अडतं ते बहुधा कोडमुळे नाही, जागेमुळे. आयोजकांच्या वायफायवर काही उपकरणांना एकमेकांशी बोलता येत नाही, तशी सोय मुद्दाम बंद केलेली असते. त्यामुळे मोबाइलवरून मित्राच्या लॅपटॉपवरचा सर्व्हर उघडतच नाही. मोंगोडीबी ॲटलासमध्ये (नेटवरचा डेटाबेस) घरच्या नेटच्या आयपी पत्त्यालाच परवानगी दिलेली असते, सभागृहात आल्यावर पत्ता बदलतो आणि जोडणी तीस सेकंद थांबून तुटते. साधं ईएसपी३२ (वायफाय असलेली छोटी चिप) फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, आणि वायफायला लॉगिनचं पान असेल तर ते पान त्याला उघडताच येत नाही. अँड्रॉइडचा पहिलाच प्रकल्प उघडला तर ग्रेडल (ॲप बांधणारं साधन) शेकडो एमबी खाली उतरवत बसतं, त्याच वेळी सभागृहातले दोनशे लॅपटॉप तेच करत असतात. आठ जीबी रॅमच्या यंत्रावर अँड्रॉइड स्टुडिओ, एम्युलेटर (पडद्यावरचा नकली फोन) आणि क्रोम एकत्र चालवले की यंत्र गोठतं.

अशा वेळी 'चूक माझी की नेटची' हे ओळखता येणं हेच खरं कौशल्य. ज्याला ते येत नाही तो चार तास बरोबर असलेलं कोड बदलत राहतो आणि शेवटी ते खरोखरच बिघडवतो. त्या मुलाला आपल्याला काही येत नाही असं वाटत राहतं, आणि ते वाटणं लवकर जात नाही. म्हणून माझा विरोध.

रात्रपाळी

खडूफळा, रविवारचा मुद्दा मान्य. पण तुम्ही दिलेली यादी वाचा: त्यातलं एकही काम ३६ तासांतलं नाही, सगळी आदल्या संध्याकाळची आहेत.

मोबाइलचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर लावून ईएसपी३२ जोडून बघायचं. ॲटलासमध्ये तात्पुरती सगळ्या पत्त्यांना परवानगी द्यायची आणि स्पर्धा संपली की काढून टाकायची. एम्युलेटर सोडून खरा फोन वापरायचा, यूएसबी डीबगिंग (तारेने जोडून ॲप तपासायची सोय) चालू करून. रिकामा प्रकल्प घरच्या नेटवर एकदा बांधून ठेवायचा, म्हणजे ग्रेडल आणि एनपीएमचा (जावास्क्रिप्टची तयार पॅकेजं आणणारं साधन) पसारा आधीच उतरलेला असतो. सर्व्हर लॅपटॉपवर न ठेवता रेंडर या नेटवरच्या सेवेवर ठेवायचा. तिथली फुकटची सेवा पंधरा मिनिटं कुणी फिरकलं नाही की झोपते आणि उठायला मिनिटभर घेते, म्हणून सादरीकरणाला उठण्याआधी दुवा एकदा उघडायचा. सहा लॅपटॉपांना चार खाचांचा एक एक्स्टेंशन बोर्ड पुरत नाही, दोन न्या.

ही यादी अनुभवी सदस्याने नवख्याला हातात द्यायची. ती न देता त्याला आत नेणं ही संघाची चूक आहे, त्या मुलाची नाही.

ओवी

दोघांच्याही वादात एक गोष्ट राहून गेली. किमान एक मुलगी हवी हा नियम चांगल्या हेतूने आहे. पण नोंदणीच्या आदल्या रात्री फोन येतो, 'तुझं नाव टाकतोय, बाकी काही करावं लागणार नाही.' पहिल्या वर्षाच्या मुलींनी या एका वाक्यावर नकार द्यावा, असं माझं ठाम मत आहे. 'काही करावं लागणार नाही' म्हणजे काही करू दिलं जाणार नाही.

होकार देण्याआधी मुलगा असो वा मुलगी, चार प्रश्न विचारा. स्पर्धेच्या यादीतला कोणता प्रश्न सोडवायला निवडलाय आणि का? माझं काम एका वाक्यात काय? गिटहबवर (संघाचं कोड नेटवर ठेवायची जागा) संघाच्या भांडारात मला लिहिण्याची परवानगी आज मिळेल का? आणि परीक्षकांसमोर माझ्या भागाबद्दल मीच बोलणार का? चारांपैकी दोनांची उत्तरं 'बघू' अशी आली तर तो संघ सोडा.

पीपीटी हे काम हलकं नाही, हेही धागाकर्त्यांना सांगायचंय. सहा पानांत प्रकल्पाच्या रचनेची आकृती काढायची तर माहिती कुठून येते, कुठे साठते, कोण वाचतं हे समजून घ्यावं लागतं. ज्याने ती आकृती स्वतः काढली त्याला प्रकल्प कळतो. तयार साच्यात बाण चिकटवणाऱ्याला नाही. काम तेच, फरक करण्यात आहे.

अर्धविराम (धागाकर्ता)

ओवी, तुमचे चार प्रश्न मी मूळ धाग्यात घ्यायला हवे होते.

पण रात्रपाळी, आता परिस्थिती आणखी बदलली आहे. तुमचं कांद्याचं काम नवखा मुलगा एआयला सांगतो, दहा मिनिटांत कोड येतं, चालतंही. मग परीक्षक विचारतात, 'शंभराने का भागलंत?' आणि शांतता. 'दोघांनी एकाच क्षणी नोंद केली तर काय होईल?' पुन्हा शांतता. आठ तासांत शिकायचं ते दहा मिनिटांत निसटलं.

त्यातून चाव्या बाहेर पडतात त्या वेगळ्याच. एआयने दिलेल्या कोडमध्ये चावी थेट फाइलमध्ये लिहिलेली असते आणि ती तशीच सार्वजनिक गिटहबवर जाते. चाव्या टिपणारे बॉट सतत फिरत असतात. घाबरून पुढच्या कमिटमध्ये (गिटमधली बदलाची नोंद) ओळ पुसली तरी जुन्या इतिहासात ती राहतेच, चावी रद्द करून नवी घेणं हाच उपाय. शंभर एमबीपेक्षा मोठी फाइल ढकलली तर गिटहब सरळ नाकारतं, आणि ती काढून टाकल्यावरही नाकारतं, कारण इथेही तोच इतिहास. पहाटे तीनला हे कोण समजावणार?

हॅकॅथॉन हा शब्दच जाणकारांच्या बैठकीतून आला आहे. जून १९९९मध्ये ओपनबीएसडी या संगणकप्रणालीचे दहा विकासक कॅनडातल्या कॅलगरीत एकत्र बसले. अमेरिकेच्या कूटलेखन (माहिती सांकेतिक करण्याचं तंत्र) निर्यातीच्या कायद्याची अडचण नको म्हणून मुद्दाम कॅनडात. ती सगळी मुरलेली माणसं होती. नवख्यांची शाळा म्हणून ही गोष्ट जन्मलेली नाही.

तळटीप

धागाकर्ता, शब्द कुठून आला यावरून आज काय करावं हे ठरत नाही. १९९९च्या त्या दहा जणांना सहा पानी पीपीटीही द्यावी लागली नव्हती.

एआयचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि त्यावर साधा उपाय आहे. संघाने नियम करायचा: ज्या ओळीचं कारण सांगता येत नाही ती ओळ मुख्य शाखेत जाणार नाही. दर तीन तासांनी दहा मिनिटं, प्रत्येकाने आपली एक फाइल शेजाऱ्याला वाचून दाखवायची. दहा मिनिटांत समजावता आली नाही ती फाइल लहान करा.

झोपेबद्दल कुणीच बोललं नाही. ३६ तास म्हणजे ३६ तास जागणं नव्हे. सहा जणांनी पाळ्या लावाव्यात, रात्री एक ते साडेपाच तिघांनी झोपावं, मग उरलेल्या तिघांनी. पहाटेच्या कोडमध्ये झालेल्या चुका काढायला सकाळ जाते. शेवटच्या चार तासांत नवं काही घ्यायचं नाही, फक्त दुरुस्ती, आणि चालत्या ॲपचं दोन मिनिटांचं चित्रण करून पेनड्राइव्हवर ठेवायचं. नेट गेलं तर तेच दाखवता येतं.

खडूफळा

चित्रण, पाळ्या, यादी, सगळं पटलं. तरी वेळापत्रक राहतंच. गेली काही वर्षं अंतिम फेरी डिसेंबरात होते आणि नोडल केंद्र (ती फेरी जिथे भरते ते ठिकाण) बरेचदा दुसऱ्या राज्यात असतं. प्रवास धरून पाच-सहा दिवस. त्याच सुमारास हिवाळी सत्राच्या परीक्षा. पहिल्या वर्षाला गणिताचा पेपर राहिला तर तो निस्तरायला पुढचं अख्खं सत्र जातं. म्हणून माझी तडजोड: अंतर्गत फेरीला जरूर जा, ती आपल्याच कॉलेजात एक-दोन दिवसांची असते. अंतिम फेरीचा निर्णय परीक्षेचं वेळापत्रक समोर ठेवून घ्या.

रात्रपाळी

ही तडजोड मला चालेल, एका अटीवर. अंतर्गत फेरीत नवख्याचं काम आधीच ठरलेलं हवं, आणि ते पडद्यावर दिसणारं हवं.

धागाकर्ता, तुमच्या तीन गोष्टींची आठ आठवड्यांची यादी इथे द्या. पहिल्या दोन आठवड्यांत गिटच घ्या, पण एकट्याने नको. दोघांनी मिळून एकाच फाइलची तीच ओळ मुद्दाम बदलायची आणि टक्कर घडवायची. फाइलमध्ये सात-सात चिन्हांच्या खुणा उमटतात, त्यांच्यामधला कोणता भाग ठेवायचा ते बोलून ठरवायचं, खुणा पुसायच्या आणि पुन्हा कमिट करायचं. हे दहा वेळा घरी केलं की सभागृहात घाम फुटत नाही.

अर्धविराम (धागाकर्ता)

देतो. गिटची टक्कर पहिल्या दोन आठवड्यांत, ओवींचे चार प्रश्न सर्वांत वर, आणि लासलगावचा कांदा पाचव्या आठवड्यात. नमुना चावीने दहाच नोंदी येतात हे यादीत लिहीत नाही. ते त्यांनी स्वतः शोधावं.