बायपास, व्हेंटिलेटर आणि नळी काढायची वेळ: तुमचे अनुभव सांगा

बाबांची बायपास झाली. दुसऱ्या सकाळी व्हेंटिलेटरची घशातली नळी काढली आणि तासाभरात त्यांना धाप लागली, फुफ्फुसांत पाणी भरलं, पुन्हा नळी घालावी लागली. आम्हाला वाटलं, फुफ्फुसंच दुबळी. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो, त्यामुळे छातीतला दाब वाढतो. मग अंगातून हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, आणि डाव्या कप्प्याला रक्त बाहेर फेकायला जोरही कमी लागतो. नळी निघाली की दोन्ही उलटतं. बाबांच्या हृदयाचं पंपिंग जेमतेम ३० टक्के, त्यांना तो भार एकदम झेपला नाही. मग लघवीच्या औषधाने पाणी उतरवलं, दोन दिवसांनी नळी काढून लगेच बायपॅपचा, म्हणजे नळीशिवाय दाबाने हवा देणारा, मास्क लावला. या खेपेला टिकले. हे आधी कळतं, तर "नळी कधी काढणार?" म्हणून मी सिस्टरांच्या मागे लागले नसते. तुम्हीही लिहा.

हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूतली सिस्टर
ताई, सगळेच नातेवाईक तेच विचारतात, वाईट वाटून घेऊ नका. आम्हाला हे मॉनिटरवर दिसतं. पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुफ्फुसांत राखलेला दाब, ५ वरून १० केला की अंगात पाणी कमी असलेल्या पेशंटचं बीपी उतरतं, आर्टेरियल लाइनची (धमनीत बीपी मोजणाऱ्या नळीची) रेघ श्वासागणिक वरखाली होते. बहुतेकदा सलाइनने सावरतं. पण छातीतलं रक्त बाहेर काढणारा ड्रेन अचानक थांबला असेल, तर मी आधी सर्जनना फोन करते. हृदयाभोवती रक्त साचलेलं असू शकतं.

फॉन्टान ऑपरेशन झालेल्या मुलीची आई
आमच्याकडे उलट घाई होती. लेकीच्या हृदयाला कामाचा कप्पा एकच. फॉन्टाननंतर शिरांमधलं रक्त मधल्या पंपाशिवाय थेट फुफ्फुसांत जातं. स्वतःच्या श्वासाने ते ओढलं जातं, यंत्राच्या दाबाने अडतं. म्हणून नळी थिएटरमध्येच काढली. बाहेर आली तेव्हा ती घोगऱ्या आवाजात रडत होती. इतकं गोड रडणं मी ऐकलं नव्हतं.

झडप बदललेला पेशंट
मला तहान आठवते, आणि बांधलेले हात. कुणीतरी कानाशी म्हणत होतं, "काका, आता श्वास तुमचा तुम्ही घ्यायचा." ऑपरेशनआधी हे सगळं कुणी सांगितलं असतं, तर त्या नळीशी मी इतका झगडलो नसतो.

बाबांची मुलगी
काका, बाबांचेही हात बांधले होते. आज त्यांना विचारलं. म्हणाले, "तहानच."