‘चार्ज’ हा शब्द नक्की कसा वापरायचा? माझ्या एका वाक्यामुळे एका माणसाची नोकरी अडकलीय

मल्टीचा सेक्रेटरी, इंदूर

नमस्कार मंडळी, इंग्रजी नीट येणाऱ्यांनी प्लीज वेळ काढून वाचा. आमच्या मल्टीत, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, एक चौकीदार सहा वर्षं होता, अगदी सरळ माणूस, रात्री अडीचला गाडी आली तरी उठून गेट उघडणार आणि वर विचारणार की सामान उचलू का. एजन्सी बदलली तशी त्याची इथली नोकरी गेली. पीथमपूरला एका कंपनीत गेटवर काम मिळत होतं, त्यांनी जुन्या जागेचं पत्र मागितलं, ते पण इंग्रजीत, म्हणून मी लिहून दिलं.

आता मागची गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी एका फ्लॅटचं मोबाईलचं पार्सल गायब झालं होतं आणि लोकांनी सरळ ह्याच्यावर आळ घेतला, दोन दिवस फार बोलले त्याला. तिसऱ्या दिवशी कळलं की डिलिवरीवाला डी-३०४ ऐवजी बी-३०४ ला देऊन गेला होता आणि ते लोक गावाला गेलेले, पार्सल त्यांच्या शू-रॅकच्या मागे तसंच सीलबंद पडलेलं. मला वाटलं पत्रात हे पण लिहावं म्हणजे माणूस किती प्रामाणिक आहे ते कळेल. तर मी लिहिलं, ‘ही वॉज इन द चार्ज ऑफ मेन गेट फॉर सिक्स इयर्स. ही वॉज वन्स चार्ज्ड ऑफ थेफ्ट बट नथिंग वॉज फाउंड.’

कंपनीवाल्यांनी ते वाचून त्याला सांगितलं की तुझ्यावर पोलीस केस आहे, आम्ही घेऊ शकत नाही. काल संध्याकाळी तो घरी आला, चपला काढून दारातच उभा राहिला, कागद पॉलिथिनच्या पिशवीत घडी घालून आणलेला, आणि म्हणाला, साहब इसमें ऐसा क्या लिखा है. मला काय सांगावं सुचेना.

डिक्शनरी उघडली तर चार्जखाली ही लांबलचक यादी, पैसे, बॅटरी, हल्ला, जबाबदारी, आरोप. आरोप पण आहेच ना त्यात? मग माझं चुकलं कुठे? आणि आता बरोबर कसं लिहू?

निवृत्त बाई, लोकमान्य नगर

दादा, मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं आणि ह्या शब्दाने मुलं दर वर्षी अडखळायची. यादी पाठ करत बसू नका, मूळ धरा. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडी, त्यावरून गाडीत माल भरणे, लादणे हे क्रियापद झालं, ते फ्रेंचमधून इंग्रजीत ‘चार्ज’ होऊन आलं. कार्गो आणि कार सुद्धा ह्याच घरातले. म्हणजे चार्ज म्हणजे भार. आता आपल्याच भाषेत बघा, कुणी खुर्चीवर बसला की आपण काय म्हणतो, पदभार घेतला, कार्यभार सांभाळला, आणि इथे एमपीत तर ऑफिसाऑफिसात प्रभारी बसलेले आहेत. आरोप हा शब्दही तसाच, संस्कृतात आरोपण म्हणजे वर ठेवणे, दोष एखाद्यावर ठेवला की दोषारोप. मला हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा खरंच आनंद झाला होता, दोन लांबच्या भाषांनी एकच चित्र बघितलंय. डिस्चार्ज म्हणजे भार उतरवला, मग तो दवाखान्यातून असो, नोकरीतून असो की बॅटरीचा असो.

पण भार कसला आहे ते त्याच्या मागेपुढे येणारा छोटा शब्द सांगतो, आणि तुमचा घोळ तिथेच झालाय. ‘चार्ज’ पुढे ‘विथ’ आला तर गुन्हा, ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’. ‘फॉर’ आला तर बहुतेक पैसे, ‘दे चार्ज्ड मी फॉर पार्किंग’. ‘ऑफ’ लागतो तो ‘अक्यूज्ड’ला, ‘चार्ज्ड’ला नाही. तुम्ही दोघांची जोडी मोडून नवीन लावलीत.

पहिल्या वाक्यातही एक चूक आहे जी कुणी सांगितली नसेल. ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ ह्यात फक्त एका ‘द’ चा फरक आहे आणि अर्थ पूर्ण उलटा होतो. ‘द आया इज इन चार्ज ऑफ द बेबी’, आया सांभाळतेय. ‘द बेबी इज इन द चार्ज ऑफ द आया’, बाळ तिच्या ताब्यात आहे. तुमच्या पत्राप्रमाणे गेट त्या बिचाऱ्याला सहा वर्षं सांभाळत होतं. शिवाय ‘मेन गेट’च्या आधी ‘द’ हवा होता, तो भलतीकडे जाऊन बसला.

तेव्हा ‘ही वॉज राँगली अक्यूज्ड ऑफ थेफ्ट’ असं लिहा.

वकिली २२ वर्षं

बाईंचं व्याकरण शंभर टक्के बरोबर, पण शेवटचा सल्ला मला पटत नाही म्हणून लिहितोय. ‘चार्ज’ हा आपल्याकडे कायद्याचा पक्का शब्द आहे. एफआयआर होते, तपास होतो, मग पोलीस चार्जशीट देतात, ज्याला इथे सगळे चालान पेश झालं म्हणतात, आणि त्यानंतर कोर्ट चार्ज फ्रेम करतं. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा जुना कायदा, जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमांचे नंबर बदलले, टप्पे तेच राहिले. म्हणजे ‘चार्ज्ड’ वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर पोलीस आणि कोर्ट येणारच. ऑफिसातल्या विभागीय चौकशीची पण चार्जशीट असते, पण गेटच्या नोकरीचे कागद बघणारा एवढा विचार करत बसत नाही. आणि ‘नथिंग वॉज फाउंड’ने तर अजून बिघडलं, त्याचा अर्थ निघतो की पुरावा सापडला नाही.

‘अक्यूज्ड’ पण नको. आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ सरळ आरोपी असाच घेतात, आधी ‘राँगली’ लावा नाहीतर काहीही लावा. तुमच्या मल्टीत तोंडी आळ आला, तक्रार सुद्धा झाली नाही, मग ती गोष्ट पत्रात हवीच कशाला? जे झालंच नाही त्याचा खुलासा देऊ नका. दोन ओळींचं साधं पत्र द्या. आणि कंपनीला वेगळं एक पत्र द्या की आधीच्या पत्रात शब्द चुकला, ह्या माणसाविरुद्ध आमच्या सोसायटीने पोलिसात कधीही तक्रार केलेली नाही. हे महत्त्वाचं आहे, नुसतं नवीन पत्र दिलं तर त्यांना वाटेल काहीतरी लपवताय.

बॅटरीवाला, बडोदे

मी मांडवीजवळ बॅटरीचं काम करतो, इंग्रजीचा पंडित नाही पण बाईंचं भाराचं वाचून राहवलं नाही. जुन्या बंदुकीत दारू भरायची त्यालाही चार्ज करणेच म्हणत, आणि १७४० च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिन काचेच्या बरण्यांमध्ये वीज साठवायचे प्रयोग करत होता तेव्हा हाच शब्द तिथे वापरात होता. अशी वीज साठवणारी साधनं एकत्र जोडली त्याला त्याने बॅटरी म्हटलं, तोही तोफांच्या रांगेचा शब्द. पण एक सांगतो, गिऱ्हाईक म्हणतं चार्ज भरा, तर आत विजेचा चार्ज असा काही वाढत नाही, प्लेटवरचं लेड सल्फेट परत शिसं आणि लेड डायऑक्साईड होतं, एवढंच. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरून थोडा वेळ ठेवली की मीटरवर साधारण १२.६ दिसतं. म्हणजे फिजिक्समधला चार्ज वेगळा आणि दुकानातला वेगळा, शब्द एकच.

दादा, त्या माणसाचं काम होऊ दे.

मल्टीचा सेक्रेटरी, इंदूर

बाई, वकीलसाहेब, बडोद्याचे भाऊ, मनापासून आभार. रात्री बसून परत लिहिलं. ‘ही वॉज इन चार्ज ऑफ द मेन गेट फॉर सिक्स इयर्स. वी फाउंड हिम ऑनेस्ट अँड पंक्चुअल. ही लेफ्ट बिकॉज द सोसायटी चेंज्ड इट्स सिक्युरिटी एजन्सी.’ खुलाशाचं पत्र वेगळं केलंय, त्यात ‘चार्ज्ड’ हा शब्द आम्ही चुकीने वापरला आणि त्याच्याविरुद्ध आमची कोणतीही पोलीस तक्रार कधीच नव्हती असं स्पष्ट लिहिलंय, अध्यक्षांची सही पण घेतली. ज्यांचं पार्सल होतं त्यांना मी आज सगळं सांगितलं, ते स्वतःहून खाली येऊन त्याला भेटले, मला ते फार बरं वाटलं. उद्या सकाळी मीच त्याला घेऊन पीथमपूरला जातोय. एकच शंका, ‘इन चार्ज ऑफ’ ऐवजी ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ लिहिलं तर जास्त सेफ का?

निवृत्त बाई, लोकमान्य नगर

नको, ‘इन चार्ज ऑफ’च राहू द्या, गेट त्याच्या हातात दिलं होतं हे त्यातच दिसतं. वकीलसाहेबांचं म्हणणं मला पटलं, माझं वाक्य मी मागे घेते. दोन्ही पत्रांवर तारीख घाला, आणि तो जुना कागद कंपनीच्या फाईलमध्ये राहू देऊ नका, मागून परत आणा.