टाकी दर आठवड्याला धुऊनही गोल्डफिश का दगावत आहेत?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर)

नमस्कार. आमच्याकडे दोन फुटांची, साधारण ५५ लिटर पाणी मावणारी काचेची टाकी असून तीत दीड वर्षापासून चार गोल्डफिश होते. मे लागल्यापासून पाण्याला वास येऊ लागला, म्हणून मी दर रविवारी मासे बादलीत काढून सगळे पाणी फेकतो, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुतो आणि टाकी लगेच भरतो. पाणी महानगरपालिकेचे असते, कमी पडले तर बोअरचे. ते इतके नितळ दिसते की टाकीच्या पलीकडचे कॅलेंडर वाचता यावे, तरीही मंगळवार-बुधवारपर्यंत मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. गेल्या आठवड्यात दोन दगावले. दुकानदाराने दिलेल्या निळ्या औषधाने फरक पडलेला नाही. संध्याकाळी टाकीतले तापमान ३३ अंश भरते आणि नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तर अजून लागायचाच आहे. नेमके चुकते कुठे?

उत्तर (धरमपेठ)

मला तरी दोष त्या रविवारच्या धुण्यातच दिसतो. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात सतत अमोनिया मिसळत असतो. स्पंजावर आणि खड्यांवर वाढलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग पुष्कळच सौम्य असे नायट्रेट करतात. ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपण ती दर सात दिवसांनी क्लोरिनच्या पाण्याखाली धरता. नुसत्या क्लोरिनचा त्रास असता तर मासे टाकी भरल्याबरोबर तडफडले असते; ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतात, याचा अर्थ तेवढ्या वेळात अमोनिया साचतो. तो डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे कॅलेंडर वाचता येण्यावर विसंबू नये.

उन्हाळ्यात हे अधिकच बिघडते. अमोनियाचा खरा विषारी अंश पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप) आणि तापमान यांवर ठरतो: पीएच ७ व २५ अंशांना तो एकूण अमोनियाच्या जेमतेम अर्धा टक्का असतो, तर पीएच ८ व ३० अंशांना सात टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे हिवाळ्यात खपून गेलेला तेवढाच अमोनिया मे महिन्यात जीव घेऊ शकतो. निळे औषध बहुधा मिथिलीन ब्लू असावे. त्याने फिल्टरमधले जिवाणूही मरतात, तेव्हा ते बंद करा. दोन दिवस खाणे देऊ नका. रोज चतुर्थांश पाणी बदला, पण नळाचे पाणी आधी २४ तास उघड्या बादलीत एअर पंप लावून ठेवा किंवा त्यात हायपो (क्लोरिन घालवणारे सोडियम थायोसल्फेट) टाका. स्पंज मात्र टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळायचा.

उत्तर (महाल)

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त तापमानाची बाजू जोडतो. २० अंशांच्या पाण्यात प्रति लिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच, आणि माशाची गरज उष्णतेबरोबर वाढत जाते. पुष्कळ जण बर्फाच्या बाटल्या सोडतात. मीही सोडत असे; बाटली वितळली की पाणी पुन्हा तापायचे आणि त्या चढउताराने मासे मरगळून तळाशी बसायचे. त्यापेक्षा झाकण काढून वर जाळी टाकावी आणि एक लहान पंखा पाण्यावर तिरपा लावावा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घरातला कूलर ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावर माझी टाकी तीन-चार अंशांनी उतरते.

याने दोन दिवसांत पाणी दोन बोटे खाली जाते. उडते ते निव्वळ पाणी आणि क्षार मागेच राहतात, म्हणून ही तूट बोअरच्या जड पाण्याने न भरता आरओच्या पाण्याने भरावी. अख्खी टाकी मात्र आरओने भरू नये, कारण त्यात पीएच सांभाळणारे क्षारच उरत नाहीत. आणि रात्री त्याच खोलीत डासांचे लिक्विड लावत असाल तर तेही हलवा. त्यातली पायरेथ्रॉइड द्रव्ये माशांना अतिशय विषारी असतात आणि एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडत असतो.

प्रश्नकर्ता, सहा दिवसांनंतर

दोघांचेही आभार. चाचणीचा संच आणला. पहिल्या दिवशी अमोनियाच्या चाचणीत नळीतले पाणी गर्द हिरवे झाले, तक्त्यावर ४; आज ते पिवळसर हिरवे आहे, ०.५ च्याही खाली. पंख्याने तापमान २९ वर आले असून मासे आता मधल्या पाण्यात फिरतात. पण शून्यावर असलेले नायट्राइट आज १ दाखवते आहे. काळजीचे कारण आहे काय?

उत्तर (धरमपेठ)

जिवाणूंचा पहिला गट कामाला लागल्याची ती खूण आहे, तरी दुर्लक्ष करू नका, कारण नायट्राइटमुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. लिटरला १ ग्रॅम या हिशेबाने ५५ ग्रॅम साधे मीठ मगभर पाण्यात विरघळवून दिवसभरात थोडे थोडे सोडा. मिठातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पुढे पाणी बदलाल तेव्हा जेवढे बदलले तेवढ्यापुरतेच मीठ घाला. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आठवडाभर टिकेपर्यंत नवा मासा आणू नका. खरे सांगायचे तर ५५ लिटरमध्ये चार गोल्डफिश मुळातच जास्त होते. आता दोनच राहू द्यावेत.