अनुभव धागा : बाळाचा ओठ-टाळू दुभंगलेला आहे, आता तयारी काय करायची? (इंदूर)

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाचा ओठ दुभंगलेला दिसला की घरात पहिला प्रश्न येतो तो ऑपरेशनचा. खरं तर त्याला वेळ असतो. पहिल्या दिवशी लागतं ते दूध पाजण्याचं तंत्र, आणि तेच कुणी आधी सांगत नाही. म्हणून इंदुरातल्या जाणत्या मंडळींना इथे मुद्दाम लिहायला बोलावलं आहे. आपली कहाणी नको. काय करायचं, कधी, कशानं आणि कुठे चुकतं, तेवढं लिहा.

सोनोग्राफी करणारी

ओठ दिसतो तो साधारण १८ ते २२ आठवड्यांच्या तपासणीत. बाळानं तोंडावर हात धरला असेल किंवा पाठ केली असेल तर आठ-पंधरा दिवसांनी परत बोलावतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. टाळूचं मात्र वेगळं. ओठ धड आणि फक्त टाळू दुभंगलेला असेल तर तो सोनोग्राफीत बहुतेक वेळा निसटतो, जन्मानंतरच कळतो. ‘टाळू ठीक आहे’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तरी जन्मल्यावर टॉर्च लावून आणि बोट फिरवून तपासणी झालीच पाहिजे.

रिपोर्ट हातात आल्यावर विचारा: दुभंग एका बाजूला की दोन्ही? हिरडीपर्यंत गेलाय का? हनुवटी बाजूनं पाहिल्यावर फार मागे तर नाही? हृदय, मेंदू, मूत्रपिंडं, हातपाय सगळं नीट पाहिलं का? हनुवटीचा प्रश्न लोक सोडून देतात. ती फार लहान असेल तर जीभ मागे पडून जन्मतःच श्वासाला अडथळा येऊ शकतो, आणि मग प्रसूती नवजात कक्ष असलेल्या ठिकाणीच व्हायला हवी. दुभंग दोन्ही बाजूंनी किंवा मधोमध असेल, किंवा आणखी काही वेगळं दिसलं असेल, तर गर्भजलाची तपासणी आणि हृदयाची वेगळी सोनोग्राफी सुचवतात.

नुसत्या दुभंगासाठी सिझेरियन लागत नाही. आणि ‘आत्ताच मोकळे व्हा’, म्हणजे गर्भपात करा, हा सल्ला नात्यातून फार लवकर येतो. इतर दोष नसलेला दुभंग हा दुरुस्त होणारा दोष आहे. निर्णय बाईचा, पण सगळ्या तपासण्या हातात आल्यावरचा.

आशा कार्यकर्त्यांना शिकवणारी

ग्रहणाचा मुद्दा इथेच निकालात काढते. बाळाचा वरचा ओठ सांधला जातो गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात, टाळू त्यानंतर, नवव्या-दहाव्या आठवड्याच्या आसपास. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतच सगळं उरकलेलं असतं. सातव्या महिन्यातल्या ग्रहणात सुनेनं भाजी चिरली म्हणून ओठ चिरला, हे गणितातच बसत नाही. सासूबाईंना हे आठवडे बोटांवर मोजून दाखवा, वाद घालण्यापेक्षा ते लवकर पटतं.

जगभरात साधारण ७०० बाळांत एक असं जन्मतं. बहुतेकांत नेमकं एक कारण सापडत नाही. फिटची काही औषधं, धूम्रपान, आधीपासूनचा मधुमेह यांनी धोका वाढतो. पण फिटची गोळी आपल्या मनानं बंद करू नका, ते जास्त धोक्याचं. पुढच्या बाळाच्या वेळी दिवस राहण्याच्या आधीपासून फोलिक ॲसिड चालू हवं; मात्रा डॉक्टर ठरवतील.

नवजात कक्षातली परिचारिका

आता दुधाचं. फक्त ओठ दुभंगलेला असेल तर बाळ बहुधा अंगावर पिऊ शकतं. फट आईच्या स्तनानं किंवा अंगठ्यानं बंद होते. टाळू दुभंगलेला असेल तर तोंडात ओढ तयारच होत नाही. बाळ चोखल्यासारखं करतं, जबडा हलतो, आई समाधानी असते आणि पोटात जवळजवळ काही जात नाही. तासभर अंगावर ठेवलेलं बाळ दमून झोपतं आणि सगळ्यांना वाटतं पोट भरलं. वजन घटतं ते इथे.

म्हणून दूध आपण बाळाच्या तोंडात पोहोचवायचं. मऊ, दाबता येणारी बाटली घ्या, कडक प्लास्टिकची नको. बूच, म्हणजे बाटलीचं निपल, मऊ आणि थोडं लांब. भोक गोल मोठं करण्यापेक्षा फुलीसारखा छेद बरा, कारण तो दाबलं तरच उघडतो. दुभंगाच्या बाळांसाठी झडप असलेल्या खास बाटल्याही मिळतात. त्या औषधाच्या दुकानात तयार नसतात, तेव्हा आठव्या महिन्यातच मागवून ठेवा.

पाजताना बाळ जवळजवळ बसतं ठेवा, डोकं छातीच्या वर. बूच फटीत नाही, जिथे टाळू किंवा हिरडी शाबूत आहे त्या बाजूला, जिभेवर. आता बाळाच्या गळ्याकडे बघा. चोखलं, दाबा; गिळलं, सोडा. दोन-तीन घोट झाले की क्षणभर थांबा. बाळानं भुवया ताणल्या, बोटं फाकवली, डोळ्यांत पाणी आलं, तर दूध जास्त वेगानं जातंय. ओठाच्या कोपऱ्यातून सगळं वाहतंय, तर एक तर वेग जास्त आहे किंवा बूच फटीत घुसलंय.

नाकातून दूध येणार. ते दुखत नाही, फक्त शिंक येते. थांबा, पुसा, पुन्हा सुरू करा. खोकला येऊन चेहरा निळसर पडला तर मात्र लगेच थांबून दाखवा. ही बाळं हवा फार गिळतात, त्यामुळे ढेकर एकदा शेवटी नव्हे, दर पाच-दहा मिनिटांनी.

एक पाजणी २० ते ३० मिनिटांत आटपली पाहिजे. त्याहून लांबली तर जेवढं कमावलं तेवढं बाळ श्रमात घालवतं. मोजमाप असं: पहिल्या दिवशी वजनाच्या किलोमागे सुमारे ६० मिलि, रोज थोडं वाढवत आठवडाअखेर किलोमागे १५० मिलि. २.८ किलोचं बाळ असेल तर २४ तासांत ४२० मिलि, आठ वेळांत विभागलं तर एका वेळी ५० च्या थोडं वर. दिवसाला सहा तरी लंगोट ओले झाले पाहिजेत. दोन आठवड्यांत जन्मवजन परत यावं आणि पुढे रोज २० ते ३० ग्रॅम वाढ. वजन एकाच काट्यावर, उघड्या अंगानं. आज दवाखान्यात, परवा किराणा दुकानात असं केलंत तर आकड्यांना अर्थ उरत नाही.

स्तनपान समुपदेशक

वरच्यात भर. बाळ ओढत नाही म्हणजे स्तनाला मागणी कळत नाही, आणि तीन-चार दिवसांत दूध आटायला लागतं. प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच, हातानं पिळायला सुरुवात करा. पहिले दोन दिवस चीक थेंबाथेंबानं येतो. त्याला पंप नको, निम्मा पंपालाच चिकटून राहतो. स्वच्छ चमच्यात पिळा आणि तोच चमचा बाळाच्या ओठाला लावा. नंतर पंप, २४ तासांत आठ वेळा, त्यातली एक तरी रात्री. रात्रीची वगळली की आठवड्याभरात दूध कमी झाल्याचं जाणवतं.

आईचं दूध या बाळांना जास्तच हवं, कारण कान सारखे बिघडतात. पिळलेलं दूध खोलीत चार तास टिकतं असं पुस्तकात असतं, पण ते थंड खोलीचं. इंदूरच्या मे महिन्यात लगेच वापरा किंवा फ्रिजच्या आतल्या भागात ठेवा, दारात नको.

एक व्यावहारिक अडचण: सरकारी प्रसूतिगृहात बाटली दिसली की काढायला लावतात, आणि एरवी ते बरोबरच आहे. डॉक्टरांकडून फाइलवर ‘टाळू दुभंग, बाटलीने पिळलेले दूध’ असं लिहून घ्या, म्हणजे परिचारिकांची पाळी बदलली तरी वाद होत नाही.

बालरोगतज्ज्ञ

बाटलीबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. जिथे पाणी उकळायची सोय बेताची, तिथे बाटलीपेक्षा बोंडलं (चोच असलेली लहान वाटी) किंवा वाटी-चमचा सुरक्षित. धुवायला सोपं, कोपरे नाहीत. पण बोंडलं तोंडात ओतायचं नसतं. टोक खालच्या ओठावर टेकवायचं, दूध काठाशी आणायचं आणि बाळानं घ्यायची वाट पाहायची. नात्यातल्या अनुभवी हातांना हीच घाई असते, गळ्यात धार सोडतात आणि दूध श्वासनलिकेत जातं.

लसीकरण वेळेवर. ‘ऑपरेशन झाल्यावर देऊ’ म्हणून डोस थांबवू नका. आणि दूध देण्यासाठी नाकातून घातलेली नळी हा कायमचा उपाय नव्हे. श्वासाचा त्रास नसलेल्या बाळाला नळी घालून घरी पाठवत असतील तर आधी पाजण्याचं तंत्र शिकवा म्हणून हट्ट धरा.

दंतवैद्य

दुभंग रुंद असेल तर ऑपरेशनच्या आधी टाळूत एक लहानशी प्लेट बसवून हिरडीचे तुकडे जवळ आणतात, नाकपुडीला आकार देतात. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत कूर्चा मऊ असते म्हणून हे तेव्हाच. तीन महिन्यांनी आलात तर फारसं हाती लागत नाही. दर आठवड्याला प्लेट थोडी घासून, भरून बदलावी लागते. देवास-उज्जैनहून जमतं. खरगोन-बडवानीहून ओल्या बाळंतिणीला दर आठवड्याला इंदूरच्या बसस्थानकावर उतरवणं मला तरी योग्य वाटत नाही. तिथे गालांवरून ओढून लावलेली चिकटपट्टी पुष्कळ काम करते. पट्टीखाली गालावर आधी कातडी वाचवणारा मऊ पट्टा लावा, आणि काढताना पाण्यानं भिजवून काढा. कोरडी ओढली की कातडी सोलते आणि मग आठवडाभर सगळंच बंद.

जिल्हा केंद्रातून

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, म्हणजे आरबीएसकेत, दुभंग ओठ-टाळू आहे. १८ वर्षांपर्यंत उपचार मोफत. सरकारी प्रसूतिगृहात जन्मलेल्या बाळाची नोंद तिथेच होते. खासगी नर्सिंग होममध्ये झाली तर ती आपोआप होत नाही, तेव्हा जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात स्वतः जा. जन्मदाखला, आईवडिलांचं आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक), लसीकरणाचं कार्ड, बाळाचा समोरून काढलेला फोटो, आणि प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. समग्रमध्ये बाळाचं नाव चढायला वेळ लागतो, ते पहिल्याच महिन्यात सुरू करा. खिडकीवर ‘कटे-फटे होंठ-तालू’ म्हणा, लगेच कळतं. स्माइल ट्रेन या दुभंगासाठी काम करणाऱ्या संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांतही ऑपरेशनचे पैसे पडत नाहीत. दोन्हीकडे चौकशी करा, जिथे नंतरची वाणी-उपचाराची सोयही आहे तिथे कल द्या.

भूलतज्ज्ञ

ओठ साधारण ३ ते ६ महिन्यांत, टाळू ९ ते १८ महिन्यांत. ओठासाठी जुना दहाचा नियम अजून उपयोगी: दहा आठवडे वय, दहा पौंड म्हणजे साडेचार किलो वजन, दहा हिमोग्लोबिन. तारीख बहुतेकदा पुढे जाते ती सर्दी-खोकल्यानं किंवा हिमोग्लोबिननं. नाक वाहत असेल तर लपवू नका. त्या अवस्थेत भूल दिली तर श्वासनलिका आवळण्याचा धोका असतो.

उपाशी ठेवणं म्हणजे आदल्या रात्रीपासून नव्हे. वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं चार तास, साधं पाणी दोन तास. ‘एकच घोट’ म्हणून आजीनं पाजलं असेल तर सांगा, फार तर यादीत क्रम मागे जाईल.

शल्यविभागाची परिचारिका

ओठाच्या टाक्यांवर खपली धरू द्यायची नाही. सलाइननं ओल्या केलेल्या कापसानं टिपायचं, घासायचं नाही, मग सांगितलेलं मलम. व्रण पहिले काही महिने लाल आणि टणक होतो, तो बिघडलेला नसतो. टाके भरल्यावर, शल्यविशारदानं सांगितलं की बोटानं दाबून मालिश.

टाळूच्या ऑपरेशननंतर दोन ते तीन आठवडे पातळ आणि गाळलेलं: मुगाचं कढण, भाताची पेज, पातळ खीर. प्रत्येक वेळी मागून दोन-चार चमचे पाणी, म्हणजे टाक्यांत अन्न राहत नाही. चमचा ओठाशीच, आत खुपसायचा नाही. पोहे आणि शेव घरात उघड्यावर ठेवू नका. इंदुरात पाहुणा आला की पहिलं तेच बाळाच्या हातात देतो, आणि शेवेची एक काडी टाका उसवायला पुरते. कोपर वाकू नये म्हणून हातांना पट्ट्या असतात. एका वेळी एकच सोडून हात हलवून घ्या. पहिला दिवसभर लाळ गुलाबी दिसेल. ताजं लाल रक्त सतत येत असेल, ताप चढला किंवा बारा तासांत लघवी फार कमी झाली, तर फोनवर विचारत बसू नका, या.

वाणी-उपचारक

टाळू दुभंगलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाच्या मधल्या कानात पाणी साठतं. दुखत नाही, म्हणून कळत नाही. बाळ फक्त कमी ऐकतं. जन्मानंतर ऐकण्याची तपासणी, टाळूच्या ऑपरेशनआधी पुन्हा. गरज असेल तर त्याच भुलेत कानात बारीक नळी बसवून घेता येते, हे आधी विचारलंत तर दुसरी भूल वाचते.

ऑपरेशननंतर बोलणं आपोआप स्पष्ट होतंच असं नाही. ‘बाबा’ म्हणताना ‘मामा’ ऐकू येत असेल तर हवा नाकातून निसटतेय. घरी बघायचं असेल तर स्टीलचा थंड चमचा नाकपुड्यांखाली धरा आणि ‘पापा’, ‘काका’, ‘टाटा’ म्हणायला लावा. ‘मामा’, ‘नाना’ला चमच्यावर वाफ धरणं बरोबर, ‘पापा’ला धरली तर दाखवायला या. फुगे फुगवणं, शिट्ट्या वाजवणं यांनी उच्चार सुधारत नाहीत, त्यात वेळ घालवू नका. काही मुलं ‘क’ नीट येत नाही म्हणून घशातच आवाज अडवायला शिकतात, आणि ती सवय मोडायला ऑपरेशनपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून दीड-दोन वर्षांपासूनच दाखवत राहा, शाळेची वाट पाहू नका.

हिरडीत फट असेल तर तिथे हाड भरायचं ऑपरेशन साधारण ७ ते ११ वर्षांदरम्यान, सुळा उतरण्याच्या आधी असतं. तोवर फटीजवळचे दुधाचे दात किडू न देणं हे घरच्यांचं काम, आणि जुने फोटो, एक्स-रे, डिस्चार्ज कार्डं एकाच फाइलमध्ये. मधल्या वर्षांत डॉक्टर बदलतात, फाइल बदलत नाही.