ऑफिसच्या ऑटोकॅडमध्ये बाहेरचे हॅच आणि लिस्प: मला तर बंदच हवेत

टीस्क्वेअर
गेल्या महिन्यात आमच्याकडच्या नव्या पोराने कुठूनसं फुकटचं लिस्प (ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) उतरवलं आणि स्टार्टअप सूटमध्ये, म्हणजे ऑटोकॅड सुरू होताना आपोआप चालणाऱ्या फाईलींच्या यादीत, टाकून दिलं. दोन दिवसांनी बघतो तर सर्व्हरवर जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरात एक ‘एकॅडडॉक डॉट एलएसपी’ बसलेली! ड्रॉइंग उघडलं की ही फाईल आपोआप चालते. आमचं व्हर्जन जुनं, विचारायचंही कष्ट घेत नाही. शनिवार-रविवार साफसफाईत गेला. आता फतवा काढलाय: लिस्प असो की हॅच (भिंत, छप्पर भरायचे रेघांचे नमुने), सॉफ्टवेअरसोबत जे येतं तेवढंच वापरा. पोरं तोंड फुगवून आहेत. तुमचं काय मत?

चिरेबंदी
साफ चूक. सोबत येतं ते कुणाच्या घरासाठी? ‘एआर-बी८१६’ म्हणजे आठ बाय सोळा इंची अमेरिकन ब्लॉक. ‘एआर-आरएसएचकेई’ म्हणजे लाकडी फळ्यांचं छप्पर. मी कोकणात कामं करतो, मला जांभ्याचा चिरा हवा. रेघ रेघ ऑफसेट करत बसू का?

जुनाहात
टीस्क्वेअरशी सहमत. इंचातला पॅटर्न मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये टाकतात, स्केल २५.४ (एका इंचाचे मिलिमीटर) करायचं कुणाला सुचत नाही. भिंत काळी ठिक्कर, मशीन ठप्प, आणि वर मलाच विचारतात, “काका, हँग का झालं?”

टीस्क्वेअर
शिवाय ड्रॉइंग स्ट्रक्चरलवाल्याकडे गेलं की त्याच्याकडे तुमचा चिरा कुठला? कोरी भिंत दिसणार.

चिरेबंदी
नाही दिसणार. हॅचची व्याख्या ड्रॉइंगमध्येच साठते. त्याला नवा चिरा भरायचा असेल तरच पॅट फाईल (हॅचचा नमुना लिहिलेली फाईल) लागेल. गायब होतात ते एसएचएक्स फॉन्ट, म्हणजे अक्षरांच्या वेगळ्या फाईली. फॉन्टचं दुखणं हॅचच्या माथी मारू नका.

लेयरझीरो
तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय. पॅट फाईल म्हणजे नुसते आकडे, ती काही ‘करत’ नाही. लिस्प हा प्रोग्राम आहे. २०१२ मध्ये ‘मेड्रे’ नावाचा वर्म (आपोआप पसरणारा व्हायरस) सापडला होता, लिस्पमध्येच लिहिलेला. पेरूमधल्या लोकांची ड्रॉइंग्ज तो परस्पर ईमेलने चीनमधल्या पत्त्यांवर पाठवत होता. त्यामुळे लिस्पबद्दल टीस्क्वेअर घाबरतात ते उगाच नाही. पण २०१४ च्या व्हर्जनपासून ‘सिक्युअरलोड’ आहे: विश्वासातल्या फोल्डराबाहेरचं लिस्प चालवण्याआधी ते विचारतं. विश्वासातला एकच फोल्डर ठरवा आणि तिथे लिहायचा हक्क फक्त एकाला द्या. (जुनं व्हर्जन चालवणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.)

जुनाहात
तो ‘एक’ सुट्टीवर गेला की?

लेयरझीरो
मग त्या दिवशी नवीन लिस्प नाही. कुणी उपाशी मरत नाही.

चिरेबंदी
टीस्क्वेअर, माझा चिरा बघा तरी. दर्जा, म्हणजे सांध्याची जाडी, धरून ३५० मिमी लांब, २०० उंच. पहिली ओळ नावाची: चांदणी, लागून नाव. मग दोनच ओळी:

०, ०,०, ०,२००
९०, ०,०, २००,१७५, २००,-२००

पहिली आडवे थर काढते. दुसरी उभे सांधे: २०० रेघ, २०० मोकळं, आणि पुढची रेघ १७५ सरकून एक थर वर. सांध्यावर सांधा येत नाही, गवंडी रचतो तस्सं. यात व्हायरस कुठे लपणार?

टीस्क्वेअर
बरं, हॅचचं मान्य. नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतं ते चालेल. लिस्पवरची बंदी मात्र उठत नाही, निदान व्हर्जन बदलेपर्यंत. हा चिरा आत्ताच करून बघितला, सपोर्ट पाथमधल्या फोल्डरातच (ऑटोकॅड जिथे फाईली शोधतं तिथे) ठेवलाय. आडव्या रेघा येतात, उभे सांधे गायब.

चिरेबंदी
शेवटच्या ओळीनंतर एंटर मारलंत का? नसेल तर ती ओळ तो वाचतच नाही. आणि फाईलचं नाव तेच ठेवा जे चांदणीपुढे लिहिलंय.

टीस्क्वेअर
एंटरच राहिलं होतं. आले सांधे.