इतर शिक्षकांच्या वर्गनोंदी वाचून शिकायचे कसे? सल्ला हवा आहे

गणितवर्ग: नमस्कार. मी पाचवी-सहावीला गणित शिकवते. शाळेत या विषयाची मी एकटीच शिक्षिका असल्यामुळे दुसऱ्याच्या तासाला बसून पाहण्याची संधी सहसा मिळत नाही, म्हणून इतर शिक्षकांनी आपापल्या वर्गाबद्दल लिहिलेल्या नोंदी मी नियमित वाचते. वाचताना हुरूप येतो, कल्पना आवडतात, उपक्रमांची छायाचित्रे जपून ठेवते; पण प्रत्यक्ष वर्गात त्यातले फारच थोडे कामी येते. कोणत्या नोंदी वाचाव्यात आणि त्यांतले नेमके काय उचलावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. दशांश अपूर्णांकांचा घटक लवकरच सुरू करायचा आहे, तेव्हा उदाहरण त्यातले असल्यास फार बरे होईल.

टाचणवही: ताई, निवडीपासून सुरुवात करा. ज्या नोंदीत मुलांचे बोलणे जसेच्या तसे उतरवलेले असते, ती आधी वाचा. 'मुलांनी उत्साहाने सहभाग घेतला' एवढ्यावरच जी संपते, तिच्यातून हाती काही लागत नाही. उपक्रम त्या त्या वर्गापुरता असतो, पण मुले कुठे आणि का अडखळतात, हे पुष्कळदा सगळीकडे सारखेच असते.

तुमच्याच घटकाचे पाहा. ०.४५ आणि ०.६ यांत मोठी संख्या कोणती, असे विचारले की काही मुले ०.४५ म्हणतात, कारण पंचेचाळीस सहापेक्षा मोठे. हे बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते. मात्र काही मुले ०.६ असे बरोबर उत्तर देतात आणि त्यांचे कारण असते, 'दशांश शतांशापेक्षा मोठा, म्हणून ज्यात कमी अंक ती संख्या मोठी.' उत्तर बरोबर असल्यामुळे ही चूक झाकली जाते. त्याच मुलांना ०.३ आणि ०.४७ ही जोडी दिली, की ती ०.३ मोठी म्हणतात. उलट पहिल्या जोडीत चुकलेली मुले इथे बरोबर ठरतात. चांगल्या नोंदीतून हाती लागते ते हेच: दोन्ही जोड्या का विचारायच्या आणि प्रत्येक उत्तराचे कारण का विचारायचे. ते एकदा लक्षात आले की त्या शिक्षकाने पट्ट्या वापरल्या की चौकटींचा कागद, याला फारसे महत्त्व उरत नाही.

वाचताना माझी एक ठरलेली रीत आहे. मुलाचे उत्तर आले की मी पुढचा मजकूर झाकते आणि या क्षणी मी मुलाला काय विचारले असते, ते वहीत लिहिते. मग त्या शिक्षकाने काय विचारले, ते वाचते. शिकणे होते ते या दोन प्रश्नांमधल्या फरकातून. यात वेळ जातो, त्यामुळे नोंदी कमी वाचून होतात, पण माझ्या मते ते योग्यच आहे.

तिसरा_बाक: वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. एक पुस्ती जोडतो. वर्गाचा पट, तासाची लांबी आणि मुलांना आधी काय येत होते, हे तिन्ही ज्या नोंदीत नसेल, तिच्यातील यशाचा अंदाज बांधू नये. शिवाय एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे परिणाम कशामुळे झाला ते कळते.

असा एक लहान बदल सुचवतो. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचा अभ्यास करून १९७० च्या दशकात दाखवले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण १ सेकंदच थांबतात, आणि हे थांबणे ३ सेकंदांपर्यंत किंवा त्याहून अधिक वाढवले तर मुलांची उत्तरे लांबतात व गप्प राहणाऱ्यांचे प्रमाण घटते. मुलाचे उत्तर आल्यानंतरचे थांबणेही त्यांनी तितकेच महत्त्वाचे मानले होते. आपण मात्र तिथे लगेच 'शाब्बास' म्हणून मोकळे होतो. दशांशांच्या तुलनेत मुलाचे कारण ऐकायचे असेल, तर हे दुसरे थांबणे अत्यावश्यक आहे.

टाचणवही: सरांच्या मुद्द्यावरून आठवले. जपानमध्ये शिक्षक एकत्र बसून पाठाची आखणी करतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे निरीक्षण करतात आणि नंतर चर्चा होते. त्या आखणीत मुले कोणती उत्तरे देतील, याचा अंदाज आधीच लिहिलेला असतो. एकट्या शिक्षकालाही ही सवय लावून घेता येते: टाचणात, म्हणजे पाठाच्या पूर्वतयारीच्या नोंदींत, अपेक्षित उत्तरांसाठी एक रकाना ठेवावा आणि इतरांच्या नोंदींत भेटलेली मुलांची वाक्ये त्यात भरत जावे.

गणितवर्ग: दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन्ही जोड्या आणि अपेक्षित उत्तरांचा रकाना आजच टाचणात घेते. स्वतःही नोंदी लिहाव्यात असे वाटू लागले आहे. त्या इतरांना वाचायला देताना कोणती काळजी घ्यावी?

तिसरा_बाक: अवश्य लिहा, आणि त्याच दिवशी लिहा, कारण मुलांचे शब्द दुसऱ्या दिवशीपर्यंत आपल्या शब्दांत मिसळून जातात. काय अपेक्षित होते, मूल काय म्हणाले आणि तुम्ही पुढे काय केले, एवढे पुरेसे आहे. मुलांची नावे बदला, चेहरे दिसतील अशी छायाचित्रे देऊ नका आणि वहीच्या पानाचे छायाचित्र देण्यापूर्वी मुलाची व पालकांची परवानगी घ्या. चुकीचे उत्तर देणारे मूल त्याच्या वर्गमित्रांना ओळखू येईल असा कोणताही तपशील असल्यास तो सरळ गाळा.