परवानगी कोणी द्यायची?
पोलिसांनी विद्यापीठाच्या आवारात परवानगीशिवाय यावं का, या इथल्या चर्चेतलं ‘ज्याने काही केलं नाही त्याने पोलिसांना का घाबरावं’ हे म्हणणं मला अजिबात पटलं नाही. मी शिकत असताना आमच्या गेटच्या आत पोलिसांची गाडी महिनाभर उभी होती. अटक एकालाही झाली नाही, पण एक हवालदार वहीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहून घ्यायचा. आठवडाभरात ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरच्या संध्याकाळच्या सभा बंद पडल्या. ती वही मला आजही डोळ्यांसमोर दिसते.

‘मग आत गुन्हा घडला तर?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि त्यावर ग्रीसचं उदाहरण इथे कोणी दिलेलं नाही. १७ नोव्हेंबर १९७३ला लष्करी राजवटीच्या रणगाड्याने अथेन्स पॉलिटेक्निक या विद्यापीठाचं फाटक तोडलं. ती आठवण ताजी असतानाच १९८२मध्ये कायदा झाला, की विद्यापीठाच्या परवानगीशिवाय पोलिसांनी आत यायचं नाही. गंभीर गुन्हा डोळ्यांदेखत घडत असेल किंवा कोणाच्या जिवावर बेतलं असेल तर मुभा होती. २०१९मध्ये हे संरक्षण काढलं गेलं, २०२१मध्ये खास विद्यापीठ पोलीस दलाचा कायदा आला आणि विद्यार्थी हजारोंनी रस्त्यावर उतरले.